दोन डब्यांपुरती वाफ

बॉयलरच्या खोलीतून निघालेला वाफेचा पाइप भिंतीच्या कडेकडेने थेट लाइनपर्यंत जायचा. लाइन म्हणजे पुठ्ठा करणारं ते लांबलचक मशीन. एका टोकाला कागदाची रिळं चढवायची, दुसऱ्या टोकाला पुठ्ठा उतरवून घ्यायचा आणि त्याची खोकी करायची. मधे वाफ हवीच, नाहीतर कागदाला कागद चिकटायचं नाव घेत नाही. हा पाइप एके ठिकाणी उगाचच कमरेइतका खाली उतरला होता. का, ते बसवणाऱ्यालाच ठाऊक. तिथे त्याच्यावर कुणीतरी कधीकाळी एक लोखंडी पट्टी जोडली होती आणि त्या पट्टीवर अख्खा कारखाना सकाळी डबे मांडायचा. दुपारी झाकण उघडलं की आत हाताला चटका बसेल असं जेवण. पाहुण्यांना कारखाना दाखवताना छोटे मालक तेवढ्या भागातून जरा भरभर चालायचे, कारण डब्यांची ती रांग फोटोत काही बरी दिसत नसे.

रांगेच्या अगदी शेवटी दोन डबे असत. दोन्ही स्टीलचे, कडीचे, एकासारखा एक. एक डबा बॉयलर सांभाळणाऱ्या थोरल्या भावाचा आणि दुसरा लाइनवर काम करणाऱ्या धाकट्याचा. भाऊ सख्खे, राहायला एकाच घरात, थोरला खाली आणि धाकटा वर, आणि बोलणं? नाव काढू नका.

भांडण झालं होतं जिन्यावरून. वर जायचा जिना थोरल्यांच्या खोलीतून जायचा. धाकटे जादा काम करून रात्री उशिरा धाड धाड वर जात, तेव्हा खाली झोपलेली त्यांची आजारी आई दचकून उठायची. एकदा थोरले वैतागून म्हणाले, "हा काय रस्ता आहे का?" धाकटे म्हणाले, "नसेल तर करतो." आणि खरोखरच त्यांनी बाहेरून एक लोखंडी जिना उभा केला. आतल्या जिन्याचं दार बंद झालं, भांड्यांची वाटणी झाली, पुढे आई वारली, तरी दार काही उघडलं नाही. माफी कोणी मागायची एवढाच प्रश्न होता, आणि दोघेही एकाच आईचे, त्यामुळे अडेलपणात कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं.

पण बॉयलर आणि लाइन यांचं बोलल्याशिवाय कसं भागणार? मग दोघांनी तोड काढली.

"सांगा त्या बॉयलरवाल्याला, वाफ ढिली पडलीये."

"सांगा लाइनवाल्याला, वाफ भरपूर आहे. हात ढिले पडलेत."

हे सांगणारा बापडा बऱ्याचदा दोघांच्या मधे हातभर अंतरावर उभा असायचा. त्याने मान वळवायची तेवढी. गेली काही वर्षं हे काम सर्वांत जास्त कुणाच्या गळ्यात पडत असेल, तर ते थोरल्यांच्या मुलीच्या. ती शिकली, इंजिनिअर झाली आणि याच कारखान्यात ऊर्जा अधिकारी म्हणून लागली. त्यामुळे 'सांग तुझ्या काकाला' आणि 'सांग तुझ्या बापाला' हे दोन्ही ती पगारी वेळेत करू लागली. काका तिला लहानपणापासून 'ठमे' म्हणायचे. घर तुटलं तरी ठमी तुटली नव्हती. अडचण एवढीच होती की बाबा पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. मग या दोघांमधे वाफेपुरतंही बोलणं उरलं नसतं. तिला अधूनमधून त्याची धास्ती वाटायची, पण कामाच्या रगाड्यात ती मागे पडायची.

रगाडा होताही तसाच. कारखान्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक साबणाची कंपनी. तिने कळवलं की ज्या खोक्यांच्या पायी हवेत कार्बन जातो अशी खोकी आम्ही आणखी थोडीच वर्षं घेऊ. छोट्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं करून भाषण ठोकलं, की आपल्याला कार्बनच्या बाबतीत निरंक व्हायचंय. म्हणजे काय, ते त्यांनी तिला सांगायला लावलं. ती म्हणाली, आपल्यामुळे जेवढा कार्बन हवेत जातो, तो आधी होईल तेवढा कमी करायचा, आणि काही केल्या कमी होणार नाही त्याचीच भरपाई दुसरीकडे करायची. भरपाईवर सगळा भार टाकून आपण आपलं तसंच जळत राहायचं, असं नाही चालणार.

"म्हणजे श्वास पण मोजून घ्यायचा का?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला आणि तिचं नाव 'कार्बनताई' पडलं.

कार्बनताईंनी मनावर घेतलं. छपरावर सौर पट्ट्या आल्या. कंप्रेसरच्या नळ्यांमधून हवा कुठे कुठे सुसू करत गळतेय ते साबणाचा फेस लावून शोधलं. उघड्या दारावर पडदे आले. पुढच्या वर्षी तेलाचा बॉयलरच जाऊन विजेचा येणार होता. पण तोवर वाफ लागणार होती, आणि ती वाया जात होती. उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन ती पाइपाच्या कडेने फिरली तेव्हा पडद्यावर पाइप पांढराफटक पेटलेला दिसला. ठिकठिकाणी जुनं वेष्टन सुटलं होतं, आणि डब्यांच्या जागी तर ते कधी नव्हतंच. त्या पट्टीवर डब्यांचे लालभडक ठिपके ओळीने दिसत होते. तिला हसू आलं. मग तिने हिशेब मांडला आणि हसू गेलं.

चंदेरी कापडात शिवलेल्या जाड गाद्या मागवल्या गेल्या. कामगारांनी त्यांना लगेच 'रजई' म्हणायला सुरुवात केली. पट्टी कापून काढली, पाइपाला शेवटपर्यंत रजई गुंडाळली, दोऱ्या आवळल्या. माणसांचं जेवण गार राहू नये म्हणून तिने कँटीनमधे मायक्रोवेव्ह ओव्हनही बसवून घेतले. वीज छपरावरची, म्हणजे कार्बनचं नावच नको. सगळं कसं चोख झालं होतं, आणि एवढं चोख झालं म्हणजे समजावं काहीतरी राहिलंय.

राहिलं ते हे, की सगळ्यांचे डबे स्टीलचे. पहिल्याच दिवशी एकाने डबा तसाच आत सारला. आत चट् चट् ठिणग्या उडाल्या आणि कँटीनवाली बाई किंचाळत बाहेर आली. एवढी शिकलेली कार्बनताई, पण ही गोष्ट तिच्या ध्यानीमनी आली नाही. ती स्वतः वरच्या मजल्यावर, ऑफिसात, प्लास्टिकच्या डब्यातलं जेवायची, तर येणार तरी कुठून? छोटे मालक दिलदार. त्यांनी सगळ्यांना कंपनीतर्फे काचेचे डबे वाटले. सारखे डबे बदलून गोंधळ नको म्हणून झाकणावर प्रत्येकाचं नाव छापून घेतलं, शेजारी एक हिरवं पान.

त्यानंतर बाबांचं काहीतरी बिनसलं. काचेचा डबा ते निम्मा भरलेला परत आणू लागले. घरी गप्प, बॉयलरपाशी गप्प. तिला वाटलं, बॉयलर जाणार म्हणून मनाला लावून घेतलंय. काकांचं तर त्याहून विचित्र. ती लाइनवर गेली की ते उठून उभे राहत आणि म्हणत, "बोला मॅडम." मॅडम! आणि तेही लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून ती जत्रा बघायची त्यांच्या तोंडून.

एक दिवस वाफ खरंच कमी पडली. काका सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सांगा त्या बॉयलरवाल्याला, डबा नको होता तर तोंडाने सांगायचं. पोरीच्या हातून पाइपला रजई कशाला घालायची?"

आसपासच्यांना काही कळलं नाही. तिलाही नाही. कुठला डबा, कुणाला नको? बाबांपर्यंत निरोप गेला तेव्हा ते वाफेच्या काट्याकडे बघत राहिले. एरवी पलटून निरोप ठेवलेला असायचा. त्या दिवशी त्यांनी नुसतीच झडप थोडी जास्त उघडली.

संध्याकाळी ती घरी आली ती तडक स्वयंपाकघरात. आई ओट्यापाशी उभी होती. तिने आईला सगळं सांगितलं आणि विचारलं, "काकांचा कसला डबा गं?"

आईने हातातलं काम थांबवलं नाही. "तुझे बाबा दुपारचं माझ्या हातचं कधीपासून जेवलेले नाहीत, ठाऊक आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे घर तुटलं तेव्हापासून."

मग आईने सांगितलं. वाटणीत सासूबाईंच्या डब्यांच्या जोडीतला एक खाली राहिला, एक वर गेला. त्याच आठवड्यात पाइपवर त्यांची अदलाबदल झाली. चुकून. बाबांनी झाकण उघडलं, तर आत काकूच्या हातचं. परत द्यायचं तर बोलावं लागणार. ते कोण करणार? बाबा मुकाट्याने जेवले. तिकडे काकाही आईच्या हातचं जेवले. दुसऱ्या दिवशी बाबांनी डबा उचलला, तो परत काकांचाच. आता तो चुकून उचलला की मुद्दाम, हे देवाला माहीत. तिसऱ्या दिवशी मात्र चूक वगैरे काही नव्हती. तेव्हापासून ते दोन डबे रोज घर बदलत होते.

"आणि तुला कसं कळलं?"

"अगं, डबा घासणारी मी. तळाचा ओरखडा मला कळणार नाही? शिवाय तुझे बाबा तिखटाला हात लावत नाहीत, आणि डब्याच्या कडेला असायचं लाल तिखट तेल, बाकी डबा चाटूनपुसून. मी समजले. मग मी दुपारचं तुझ्या काकाच्या तोंडाचं करायला लागले, चांगलं झणझणीत. वरची पण काही कमी नाही. ती तुझ्या बाबांच्या तोंडाचं करायची."

"पण बाबांना तर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. ते काकूला कसं कळणार?"

आई पहिल्यांदाच वळली. "मागच्या दारी कपडे वाळत घालताना मी मोठ्यांदा बोलत असते ना, की यांचं ब्लडप्रेशर वाढलंय बाई, मीठ कमी करा म्हणालेत? कुणाशी बोलते मी? दोरीशी? दुसऱ्या दिवशीपासून डब्यात मीठ जेमतेम. तुझा चुलतभाऊ पास झाला तेव्हा डब्यात गोड आलं. तो परगावी नोकरीला गेला तेव्हा कितीतरी दिवस भाजी करपलेली असायची. वरचं सगळं तुझ्या बाबांना डब्यातूनच कळायचं. आम्ही चौघंही जाणून होतो आणि चौघांच्याही तोंडाला कुलूप. कारण एकाने जरी म्हटलं ना की आम्ही हे मुद्दाम करतो, की संपलंच. दुसरा म्हणणार, कोण म्हणतं मुद्दाम?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. डब्यांवर नावं छापायची कल्पना तिचीच होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तू हातात तो कॅमेरा घेऊन फिरत होतीस." आईने परत ओट्याकडे तोंड केलं. "आता रोज तुझ्या बाबांच्या तोंडाचं करायचं म्हणते, तर हातच बसत नाही. तिखट पडून जातं."

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी चालण्याचा आवाज झाला. दोघी छताकडे बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात तपासनीस आले. कारखाना बोलतोय तसं वागतोय की नाही, हे बाहेरचा माणूस येऊन तपासतो. त्यांनीही तसाच कॅमेरा आणला होता. पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत निळाशार दिसत होता. डब्यांच्या जागीही निळा. तपासनीस म्हणाले, असं नेटकं काम क्वचित बघायला मिळतं. छोट्या मालकांची छाती फुगली. ती "हो हो" म्हणत राहिली. आपल्याच घरातला शेवटचा धागा आपणच त्या दोऱ्या आवळताना तोडला, हे तिला त्या निळ्या पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि वर त्याबद्दल शाबासकी मिळत होती. रजई काढा म्हणायला तोंड नव्हतं, आणि काढावी असं तिला वाटतही नव्हतं. वाया जाणारी वाफ ती वायाच. तिच्यात कुणी डबा ठेवला म्हणून ती कामाची होत नाही.

तपासनिसांना फाटकापर्यंत सोडून परत येताना तिला कुत्री दिसली. कंप्रेसरच्या खोलीच्या मागे एक जाळी होती. यंत्र गरम होऊ नये म्हणून आतली कढत हवा त्या जाळीतून दिवसभर रस्त्यावर फेकली जायची. थंडी पडली की गल्लीतली कुत्री तिथे येऊन पाय ताणून झोपत. ती जाळीसमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. हात भाजला नाही, पण चांगला शेकला. ही ऊब फुकट होती. हिच्यासाठी आणखी काहीच जाळावं लागत नव्हतं. इतकी वर्षं ही अक्कल फक्त कुत्र्यांना होती.

तिने पत्र्याचं काम करणाऱ्याला बोलावून एक उंच कपाट करून घेतलं. आत जाळीचे खण, आणि खालून कंप्रेसरची गरम हवा. कुत्र्यांसाठी एक झोत बाहेर सोडून ठेवला. रविवारी आईने मागच्या दारी दोरीवर चादर टाकत, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की उद्यापासून कारखान्यात स्टीलचे डबे चालणार बाई. वरच्या गॅलरीत भांडं वाजलं. तेवढंच.

सोमवारी कपाट भरून गेलं. सर्वांत खालच्या खणात बाबांनी आपला कडीचा डबा ठेवला आणि शेजारी एका डब्याची जागा सोडली. कुणी तिथे डबा ठेवायला आलं की ते म्हणत, "वर ठेव, वर. वर जास्त तापतं." हे शास्त्राला धरून नव्हतं, पण कुणी वाद घातला नाही.

दुपारपर्यंत ती जागा रिकामीच राहिली.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती पहिल्यांदाच आपला डबा घेऊन खाली आली. कँटीनमधे काका एकटे एका टेबलाशी बसले होते. समोर काचेचा डबा, झाकणावर हिरवं पान आणि ठळक अक्षरांत त्यांचं नाव. ओव्हनपुढची रांग कमी व्हायची वाट बघत होते. कपाट केलं, खण केला, पण माणसाचा हट्ट कुठल्या हवेने ऊन करायचा? काकांजवळ जाऊन बोलावं तर ते मॅडम म्हणणार.

तेवढ्यात बाबा आत आले. हातात कपाटातला गरम डबा, तो रुमालात धरलेला. बाबा कँटीनमधे सहसा येत नसत, त्यामुळे लोकांनी माना वर केल्या. ते सरळ काकांच्या टेबलापाशी गेले. आपला डबा त्यांनी काकांच्या समोर ठेवला. मग काकांचं नाव छापलेला तो काचेचा डबा उचलला आणि समोरच्या बाकावर बसून त्याचं झाकण काढलं. सगळ्यांच्या देखत. आता चुकून झालं म्हणायला जागाच नव्हती.

ती डबा हातात धरून टेबलाच्या कडेला, दोघांच्या मधे तशीच उभी राहिली.

बाबांनी एक घास घेतला. गारढोण होतं. पण ते थांबले ते गार म्हणून नव्हे. भाजीत मीठ जेमतेम होतं. काकूने सकाळी डबा भरला होता तो बाबांसाठीच. काका हट्टाने काचेचा घेऊन आले म्हणून काही तिचा हात बदलला नव्हता. बाबांनी मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला.

काकांनी कडी काढली. वाफ तोंडावर आली. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखट होतंच, आईने हात सैल सोडला होता. त्यांनी बाहीने डोळे पुसले, मग ठमीकडे बघितलं.

"सांग याला," ते म्हणाले आणि थांबले. समोर बसलेला माणूस गार अन्न चावत होता. काकांनी तिच्याकडची नजर काढली.

"गार आहे ते," ते बाबांना म्हणाले. "आण इकडे. गरम करून आणतो."

बाबांनी वर बघितलं. किती वर्षांनी, ते मोजण्यात अर्थ नाही. त्यांनी डबा पुढे सरकवला. काका आपलं गरम जेवण तसंच टेबलावर टाकून उठले आणि काचेचा डबा घेऊन ओव्हनपुढच्या रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभे राहिले.

"जास्त नको रे तापवूस," बाबा बसल्या जागेवरून ओरडले.

"कळतं मला," काका म्हणाले. "ठमे, मधे काय उभी आहेस? बस की जेवायला."

ती बाबांच्या शेजारी बसली. आज कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नव्हता.